राष्ट्रीय पुरस्कार की फिल्मफेअर: घरबसल्या काय पाहावे?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार आणि फिल्मफेअर या दोन्हींची सुरुवात १९५४ ची. घरी बसून पाहताना मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. दूरदर्शनवर विज्ञान भवनातून थेट दिसणाऱ्या राष्ट्रीय सोहळ्यात विजेते आधीच जाहीर झालेले असल्याने उत्कंठा नसते. तरीही एखादा ध्वनिसंयोजक किंवा मराठी दिग्दर्शक राष्ट्रपतींच्या हस्ते रजत कमळ स्वीकारतो, तेव्हा तेवढे क्षण तरी पडदा त्याचा एकट्याचा असतो. फिल्मफेअरचा लिफाफा रंगमंचावर उघडतो खरा, पण काटछाट केलेले प्रक्षेपण अनेकदा काही दिवसांनी होत असल्याने तीही उत्सुकता शिळीच. उरतात नाच, विनोद आणि जाहिराती, तर तांत्रिक पुरस्कारांवर बहुधा कात्री चालते. माझी पसंती दूरदर्शनलाच, निवेदन कितीही रटाळ असो.