कूलंटचा रिफ्रॅक्टोमीटर: क्यूसीच्या (क्वालिटी तपासणीच्या) कपाटात नको, मशीनपाशी हवा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या आमच्या मशीन शॉपमध्ये व्हीएमसींच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनच्या) मधल्या बोर्डावर हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर टांगलेला असतो. कूलंट म्हणजे कटिंग करताना टूल आणि जॉब गार ठेवणारं ऑइल-पाण्याचं मिश्रण; त्यात ऑइल किती टक्के आहे हे या साधनावर कळतं. किंमत हजार-दीड हजाराच्या घरात. सेन्सर, सॉफ्टवेअर, मोठा स्क्रीन असल्या खर्चात पडण्याआधी छोट्या शॉपने हे साधन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वापर अगदी सोपा. प्रिझमवर कूलंटचे दोन-तीन थेंब टाकायचे, वरची झडप अलगद मिटायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं दिसतं. दोन्हींची सीमा ज्या आकड्यावर, तेवढं ब्रिक्स, म्हणजे मुळात साखरेच्या पाण्यातली साखरेची टक्केवारी. आमच्याकडे बहुतेक पोरं ऊसवाल्या घरांतली. साखर कारखान्याची शेती खात्याची माणसं उसाचं ब्रिक्स बघताना त्यांनी पाहिलेली. पहिल्याच दिवशी एक जण म्हणाला, "ताई, हे तर उसाची गोडी बघायचं यंत्र की!" शिकवायला फार काही उरलंच नाही.

फरक एवढाच की इथे ब्रिक्स म्हणजे थेट कूलंटची टक्केवारी नव्हे. प्रत्येक कूलंटचा फॅक्टर वेगळा असतो, त्याने गुणावं लागतं. आमच्या सेमी-सिंथेटिक कूलंटचा फॅक्टर १.५, म्हणजे ४ दिसलं तर ६ टक्के. हा गुणाकार दर शिफ्टला कोणी करत बसू नये म्हणून तक्त्यावर ४ ते ५.४ असा हिरवा पट्टा ओढला आहे. रीडिंगचा ठिपका पट्ट्यात पडला की काम सुरू. खाली गेला तर किती ऑइल घालायचं तेही शेजारीच लिहिलंय. २०० लिटरची टाकी ४ टक्क्यांवरून ७ वर आणायची तर साधारण ६ लिटर. तेही आधी बादलीत पाणी घेऊन त्यात ऑइल सोडायचं, उलट केलं की मिश्रण फाटतं.

हे सगळं ऑपरेटरने करायचं, मेंटेनन्सवाल्याने नाही. टीपीएममध्ये (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशीन सांभाळायची पद्धत) ज्याला ऑटोनॉमस मेंटेनन्स म्हणतात ते नेमकं हेच. टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या जपानच्या निप्पोनडेन्सोमध्ये ही पद्धत रुजली आणि १९७१ साली त्या कंपनीला त्यासाठी पुरस्कार मिळाला. साफसफाई, वंगण, नट-बोल्ट आवळणं, रोजची तपासणी ही कामं मशीन चालवणाऱ्यानेच करायची. तिथे बसवलेली घडी एवढ्या साध्या साधनाने आपल्या शॉपमध्येही बसू शकते, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

कारण कूलंट पातळ झाल्याचं नुकसान मशीनवर दिसत नाही, ते दुसऱ्याच खात्यात निघतं. कास्ट आयर्नच्या हाऊसिंगवर रात्रीत तांबूस डाग येतात आणि ते रिवर्कमध्ये मोजले जातात. आटे पाडायचे टॅप लवकर बोथट होतात, ते टूलिंगच्या खर्चात जातात. सुट्टीनंतर टाकीला वास मारतो, मग टाकी उपसायला मशीन बंद ठेवावी लागते. टाकीतली पातळी उतरली की पाइप लावून नुसतं पाणी सोडणं हे बहुतेक वेळा यामागचं मूळ असतं. पाणी उडून जातं हे खरं, पण चिपबरोबर ऑइलही जातंच, म्हणून टॉपअपसुद्धा हलक्या मिश्रणाचंच हवं. उलट प्रमाण फार वाढलं तर फेस येतो आणि पोरांच्या हातांना खाज सुटते.

आता उणिवा. बाजारात सहज मिळतो तो ० ते ३२ चा. त्यात आपल्या कामाचा भाग इवलासा, एकेक रेघ ०.२ ची. शक्य असेल तर ० ते १८ चा घ्या, वाचायला खूप बरा पडतो. शून्य लावायचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर हरवतोच, तो दोरीने बांधून ठेवा. शून्य लावायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा, बोअरचं पाणी नको. प्रिझम मऊ कापडानेच पुसा, कॉटन वेस्टमध्ये बुर असते, चरे पडतात.

जुन्या टाकीत स्लाइडवे ऑइल (मशीनच्या सरकत्या भागांचं वंगण) मिसळलं की सीमारेषा धूसर होते आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. हा दोष म्हणा, पण मला ती धूसर रेघ उपयोगी वाटते. ऑपरेटरला सांगून ठेवलंय, रेघ पुसट दिसली की आकडा लिहू नको, आधी वरचं तेल काढ. स्किमर (तरंगतं तेल काढायचं उपकरण) नसेल तरी मशीन थांबलेली असताना तेल वर तरंगतं, तेव्हा काढता येतं. डिजिटल मॉडेल नुसता आकडा देतं, ही रेघ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी ते घेतलं नाही, शिवाय ते महागही.

कूलंट सडलंय का, हे मात्र यावर कळत नाही. त्यासाठी पीएच पट्ट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. आमच्या कूलंटचा पीएच ९ च्या आसपास असतो, तो ८.५ च्या खाली उतरायला लागला की आम्ही टाकी बदलायची तारीख ठरवतो.

घेताना तापमान भरपाईवाला, म्हणजे एटीसी लिहिलेलाच मागा. ती भरपाई साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच चालते, तेव्हा एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली नमुना घेतल्यावर थोडा निवू द्या. आणि फॅक्टर किती, हे कूलंट पुरवणाऱ्याकडून आधी लेखी घ्या. त्याशिवाय हिरवा पट्टा कुठे ओढायचा हे ठरवता येणार नाही.