मायक्रोचॅनेलमधल्या मिश्रणासाठी ओपनफोम: प्रवाह चोख, मिश्रणाचा आकडा तपासूनच घ्या

ओपनफोम, म्हणजे प्रवाहाचे गणित संगणकावर सोडवणारे सॉफ्टवेअर, २००४ पासून मुक्त स्रोत आहे. लायसनला पैसे पडत नाहीत, आणि केसाएवढ्या वाहिन्यांमधला लॅमिनार (थराथराने, न घुसळता सरकणारा) प्रवाह तो फार चोख सोडवतो. मिश्रणाचा आकडा मात्र जसा येईल तसा अहवालात टाकू नये. का, ते एका साध्या टी-मिक्सरवर (दोन तोंडांतून आलेल्या धारा टी आकारात एकत्र येतात ती वाहिनी) दाखवता येते.

वाहिनी २०० मायक्रॉन रुंद, १०० मायक्रॉन खोल, सरळ भाग १० मिमी. दोन्ही तोंडांतून मिनिटाला ६-६ मायक्रोलिटर पाणी, त्यातल्या एकात फ्लोरेसीन हा रंग. सरासरी वेग सेकंदाला १० मिमी येतो आणि रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचे जडत्व आणि चिकटपणा यांचे गुणोत्तर) १.३ च्या आसपास. इतक्या कमी अंकाला खळबळ नसते. दोन्ही धारा एकमेकींना खेटून सरकतात आणि रंग पलीकडे जातो तो निव्वळ डिफ्युजनने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने. डिफ्युजन गुणांक सेकंदाला ५०० चौरस मायक्रॉन धरला, तर १०० मायक्रॉन ओलांडायला साधारण १० सेकंद लागतात. तेवढ्यात पाणी १० सेंमी पुढे गेलेले असते. आपली वाहिनी १० मिमीच आहे, म्हणजे हातात १ सेकंद. तेवढ्यात रंग मध्यापासून ३० मायक्रॉनच्या आसपास पसरेल. बाहेर पडताना दोन पट्टे वेगळे दिसलेच पाहिजेत. सगळे एकरंगी दिसले तर हिशोब कुठेतरी चुकला आहे.

जाळी, म्हणजे गणितासाठी वाहिनीचे केलेले छोटे तुकडे (सेल), ओपनफोममधल्या ब्लॉकमेशने करा. आकडे मायक्रॉनमध्ये लिहून स्केल बदलायचे राहिले, तर २०० मीटर रुंदीची वाहिनी तयार होते आणि जाळी तपासणारा चेकमेश तीही बिनतक्रार पास करतो. म्हणून त्याने छापलेले बाउंडिंग बॉक्सचे (जाळीच्या एकूण लांबी-रुंदी-खोलीचे) आकडे वाचायची सवय ठेवा. ५ मायक्रॉनच्या सेलने सरळ भागात १६ लाख सेल होतात.

प्रवाहासाठी सिंपलफोम हा सॉल्वर (ओपनफोममधला गणित सोडवणारा प्रोग्राम), लॅमिनार मोडमध्ये. इथे ओपनफोमला पूर्ण गुण. सरळ १० मिमीत दाब सुमारे १७५ पास्कलने उतरायला हवा, हे सूत्राने कागदावर काढता येते, आणि उत्तर त्याच्या जवळ येते. फाइलमध्ये ०.१७५ दिसेल, घाबरू नका: या सॉल्वरमधला दाब घनतेने भागलेला असतो.

प्रवाह एकदा स्थिरावला की तो गोठवून रंगाचा प्रसार काढणारा स्केलरट्रान्सपोर्टफोम चालवा. इथली चूक वरवर दिसत नाही. नव्या केसमध्ये फक्त यू ही वेगाची फाइल नेली, तर सॉल्वर सेलच्या कडांवरचा प्रवाह वेगावरून स्वतः अंदाजाने काढतो. तो आत-बाहेर तंतोतंत जुळत नाही, आणि रंगाची संहती (रंगीत धारेत १, साध्या पाण्यात ०) ०.९७ वर अडकते किंवा १.०२ वर चढते. सिंपलफोमने लिहिलेली फाय नावाची, कडांवरच्या प्रवाहाची फाइलही सोबत न्या, हा त्रास जातो.

आता मुख्य मुद्दा. संवहनाच्या, म्हणजे प्रवाहाबरोबर रंग वाहून नेण्याच्या, गणिती योजनेत अपविंड (सेलच्या कडेवर, प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलचे मूल्य घेणे) ठेवले की गणित पटकन आणि शांतपणे स्थिरावते, म्हणून पुष्कळ जण तेच ठेवतात. पण अपविंड स्वतःचे खोटे डिफ्युजन घालते: वेग गुणिले सेलची लांबी, भागिले दोन. आपल्या केसमध्ये ते सेकंदाला २५,००० चौरस मायक्रॉन, खऱ्याच्या ५० पट! सरळ वाहिनीत प्रवाह सेलच्या रांगेतून जातो, त्यामुळे आडवे परिणाम दबलेले राहतात. टीच्या वळणावर, आणि तळाला खाचा असलेल्या हेरिंगबोन मिक्सरमध्ये तर सगळीकडेच, प्रवाह सेल तिरपे कापतो आणि हे खोटे मिश्रण उसळून वर येते. हेरिंगबोन रचना २००२ मध्ये हार्वर्डच्या गटाने मांडली. तिचा सगळा फायदा धारांना ताणून, घड्या घालून पातळ पापुद्रे करण्यात आहे, आणि नेमके हे पापुद्रे अपविंड पुसून टाकते.

उपाय दोन. योजना लिमिटेडलिनिअर०१ ठेवा. ती संहती ० ते १ च्या आत राखते. साधे लिनिअर नको, कडेला लाटा उठतात. दुसरा उपाय म्हणजे एक कसोटी, आणि ती चुकवू नये: डीटी, म्हणजे डिफ्युजन गुणांक, शून्य करून तीच केस पुन्हा चालवा. आता मिश्रण व्हायलाच नको. तरीही जेवढे दिसेल तेवढे जाळीने केलेले. ते खऱ्या रनच्या जवळपास असेल, तर सेलची लांबी निम्मी करा. निम्मी म्हणजे सेलची संख्या आठ पट, १ कोटी २८ लाख. साध्या लॅपटॉपचा हा घास नव्हे.

मिश्रण निर्देशांक (मिश्रण किती झाले ते सांगणारा आकडा) काढताना क्षेत्रफळाने नव्हे, प्रवाहाने भारित सरासरी घ्या. भिंतीलगतचे पाणी हळू चालते, तिथे रंगाला वेळ जास्त मिळतो आणि तो जास्त पसरतो. क्षेत्रफळाची सरासरी त्यालाही बाहेर येणाऱ्या पाण्याइतकाच मान देते. द्विमितीय केसमध्ये तर वर-खालच्या भिंतींजवळचे हे रुंदावणे दिसतच नाही.

सॉल्वर निवडताना इंटरफोमकडे वळू नका. तो न मिसळणाऱ्या द्रवांसाठी, तेल-पाण्याच्या थेंबांसाठी आहे. आणि एका धारेत ग्लिसरीन असेल, तर स्केलरट्रान्सपोर्टफोम पुरत नाही, कारण तो रंगामुळे व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) बदलत नाही; तिथे टूलिक्विडमिक्सिंगफोम घ्या.

कॉमसोल या विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम खिडक्यांमधून, निम्म्या वेळात उभे राहते, पण लायसन महाग, आणि स्थिरीकरणाचे कृत्रिम डिफ्युजन तिथेही मुळातच चालू असते. ओपनफोममध्ये सगळे टेक्स्ट फाइलींतून, पहिला आठवडा जड जातो. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे स्पोकन ट्युटोरियल त्यासाठी चांगले आहेत, मोफतही.

ओपनफोम वेगवेगळ्या शाखांत मिळतो; उतरवून घेताना शाखा पाहा. वरची सॉल्वरची नावे ओपनफोम डॉट कॉमवाल्या शाखेची आहेत. फाउंडेशनच्या शाखेत २०२३ च्या ११ व्या आवृत्तीपासून मांडणी बदलली, आणि एका शाखेच्या फाइली दुसरीत जशाच्या तशा चालतील असे धरू नका.