शाळेच्या प्रकल्प-व्हिडिओंसाठी शॉटकट: फुकट आणि भक्कम, पण फोल्डरची शिस्त हवीच

आठवी-नववीच्या मुलांकडून प्रकल्पाचा व्हिडिओ करून घ्यायचा आहे, लॅबमध्ये चार-सहा बरे संगणक आहेत आणि इंटरनेटचा भरवसा नाही, अशा शाळेने संकलनासाठी, म्हणजे एडिटिंगसाठी, शॉटकट हे संगणकावरचं सॉफ्टवेअर घ्यावं. ते फुकट आणि मुक्त-स्रोत आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. तयार व्हिडिओवर कुणाचा शिक्का (वॉटरमार्क) येत नाही आणि मुलांची खाती उघडावी लागत नाहीत. शाळेच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा. मोबाइलवरचं काइनमास्टर बऱ्याच मुलांना आधीच येत असतं, पण त्याच्या फुकट आवृत्तीत शिक्का राहतो, आणि एका फोनभोवती पाच जण जमले की काम एकच करतो, बाकीचे बघे. ऑनलाइन चालणारं कॅन्व्हा शाळांना मोफत मिळतं आणि दिसतंही देखणं, पण नेट गेलं की तासिका गेली.

उतरवून घेताना अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर त्याच वस्तूचे पैसे पडतात. लॅबच्या संगणकांचा ॲडमिन पासवर्ड कुणाकडे आहे हेच ठाऊक नसेल, तर पोर्टेबल झिप घ्या. एका फोल्डरमध्ये उघडायची आणि तिथूनच चालवायची, इन्स्टॉल करण्याची भानगड नाही. एचडी कामासाठी ८ जीबी रॅम धरलेली बरी. ४ जीबीच्या मशीनवर ‘सेटिंग्ज’मधून ‘प्रॉक्सी’ चालू करा, म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रती वापरल्या जातात आणि अंतिम व्हिडिओ मूळ फुटेजवरून बनतो.

पहिली अडचण पहिल्याच मिनिटाला येते. ‘व्हिडिओ मोड’ आपोआपवर असतो, म्हणजे टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर) पडणारी पहिली क्लिप प्रकल्पाचा आकार ठरवते. कुणी फोन उभा धरून घेतलेली क्लिप आधी टाकली की अख्खा व्हिडिओ उभा होतो आणि पुढच्या आडव्या क्लिपांच्या वर-खाली काळे पट्टे येतात. नवा प्रकल्प उघडतानाच ‘एचडी ७२० पी ३० एफपीएस’ निवडायला लावा. शाळेच्या प्रोजेक्टरला तेवढं पुष्कळ होतं.

दुसरी अडचण गंभीर. शॉटकटच्या प्रकल्प-फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, तो कुठे ठेवलाय याची फक्त नोंद असते. मुलं तेवढी ‘.एमएलटी’ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन घरी जातात आणि तिथे सगळ्या क्लिपा गायब. उपाय साधा आहे: गटाचा एक फोल्डर, त्यात क्लिपा, चित्रं, आवाज, संगीत आणि प्रकल्प-फाइल, आणि हलवायचा तर पूर्ण फोल्डर. क्लिपांना नावंही पहिल्याच दिवशी द्यायची, ‘विहीर_दोरी_१’ अशी. नंतर नाव बदललं तर पुन्हा तीच रड.

फुटेज फोनमधून केबलने घ्या. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेलं फुटेज दाबलं जातं आणि फळ्यावरचं अक्षरही वाचता येत नाही. १०८० पी मध्ये मिनिटाला साधारण १२०-१३० एमबी लागतात, तेव्हा ४० मिनिटांच्या चित्रीकरणाला ५ जीबी जागा आधीच मोकळी करा. फोनच्या व्हिडिओत फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त होत असतो, त्यामुळे पुढे आवाज आणि ओठ जुळेनासे होतात. शॉटकट अशी फाइल ओळखून ‘रूपांतर करू का?’ विचारतं. होकार द्या, पण ‘गुड’ हाच पर्याय घ्या. ‘बेस्ट’ने डिस्क भरते.

शिकवायला ‘एस’ने तुकडा करणं, ‘एक्स’ने नको तो भाग काढून फट मिटवणं आणि ‘ए’ने क्लिप शेवटी जोडणं एवढ्या तीन कळा पुरतात. गोंधळ होतो तो ‘सोर्स’ आणि ‘प्रोजेक्ट’ या दोन टॅबांचा. ‘सोर्स’मध्ये मूळ क्लिप चालू असते आणि मुलांना वाटतं केलेलं काम उडालं. टाइमलाइनच्या पट्टीवर क्लिक केलं की सगळं जागेवर दिसतं.

मराठी मजकूर टाकताना श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांमधलं चिकटवलं तर अगम्य अक्षरं येतात. युनिकोडमध्येच टाइप करा. मुक्त आणि बालू हे फुकट फॉन्ट मोठ्या आकारात छान वाचता येतात. नव्या आवृत्त्यांत बोलण्यावरून मजकूर उतरवण्याची सोय आहे, मराठीसाठी तिच्यावर विसंबू नये.

आवाजाचं मात्र सॉफ्टवेअर फार काही करू शकत नाही. ‘नॉर्मलाइज’ फिल्टर पातळी सारखी करतो, पंख्याची घरघर काढत नाही. निवेदन वेगळं ध्वनिमुद्रित करा: पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. तीन मिनिटांच्या व्हिडिओला ३०० शब्द पुरतात. मुलं ८०० लिहितात आणि मग धावत वाचतात.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रकल्प ‘आपल्या गावाला एप्रिलमध्ये टँकर का लागतो?’ असा धरू. निवेदन म्हणतं, ‘विहिरीचं पाणी ११ मीटरवर गेलं आहे.’ टाइमलाइनवर त्या वाक्याखाली काय ठेवायचं? क्लिपमध्ये दोरी आत जाताना दिसते, पण वर ओढल्यावरची ओली खूण आणि शेजारी धरलेली मोजायची टेप कुणी घेतलेलीच नाही. म्हणजे आकडा आहे, पुरावा नाही. वहीतल्या प्रकल्पात ही फट कुणाच्या लक्षात आली नसती. टाइमलाइनवर ती रिकामी पट्टी होऊन समोर येते. व्हिडिओ करण्याचा खरा शैक्षणिक फायदा इथे आहे, चकचकीत ट्रान्झिशनमध्ये नाही. म्हणून वेळापत्रकात दुसऱ्या चित्रीकरणाचा दिवस सुरुवातीलाच राखून ठेवा: प्रश्न आणि संहितेला दोन तासिका, चित्रीकरण, कच्च्या जुळणीला दोन, मग उरलेली दृश्यं, शेवटी एक तासिका सफाईला. कच्ची जुळणी झाल्याशिवाय फिल्टरांना हात लावू द्यायचा नाही, नाहीतर शीर्षक गरगर फिरवण्यातच अर्धा तास जातो. गुणही दिसण्याला कमी आणि प्रत्येक विधानाखाली पुरावा आहे का याला जास्त द्या.

मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती चित्रीकरणाआधी घ्या. चित्रपटातलं गाणं पार्श्वभूमीला नको. यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे, ते पुरे.

वीज जाणाऱ्या ठिकाणी आपोआप जतन होण्याची सोय उपयोगी पडते. तरी नवी फाइल पहिल्याच मिनिटाला नाव देऊन जतन करायला लावा, आणि व्हिडिओ निर्यात होऊन पूर्ण पाहून झाल्याशिवाय फोनमधलं मूळ फुटेज पुसू देऊ नका.

लॅबमध्ये अजून ३२ बिटचे जुने संगणक असतील तर शॉटकटच्या वाटेला जाऊ नका. तिथे मोबाइलवरच काम करावं, प्रत्येक गटाला वेगळा फोन द्यावा आणि दर दहा मिनिटांनी तो पुढच्या हातात जाईल असं बघावं.