सिंहगडाची गोष्ट: पोवाड्यातली की बखरीतली?

मैत्रीण रविवारी आठ वर्षांच्या भाचीला सिंहगडावर नेणार आहे. तानाजींची कोणती गोष्ट सांगावी, असा तिला प्रश्न पडलाय.

घटनेशी जवळीक हवी, तर सभासदाची बखर (शिवाजी महाराजांचं जुनं गद्य चरित्र) सरस. १६७० च्या लढाईनंतर तीसेक वर्षांच्या आत लिहिलेली. तिच्यात मावळे वानरासारखे कडा चढतात, घोरपड नाहीच! यशवंती घोरपड येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात, आणि मुलाचं, रायबाचं लग्न बाजूला ठेवणारे तानाजीही. डफावर ऐकलेलं हे सगळं मनातून जात नाही. गोष्ट टिकली ती त्यामुळेच. 'सिंहगड' हे नाव तानाजींमुळे पडलं असं म्हणतात, पण ते लढाईआधीच्या, १६६३ च्या पत्रातही सापडतं, तेवढं जरूर सांगावं.

भाचीला पोवाडा ऐकव. शाळेचा प्रकल्प लिहायचा असेल तेव्हा बखर उघड.