एपिपेन: औषध बिनचूक, घोळ हाताचा

अॅलर्जीच्या जिवावर बेतणाऱ्या झटक्यात, म्हणजे अॅनाफिलॅक्सिसमध्ये, पहिलं औषध अॅड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत जायला हवं. एपिपेन या पेनसारख्या तयार इंजेक्शनमध्ये ते आधीच भरलेलं असतं. अँप्युल (औषधाची काचेची कुपी) फोडा, सिरिंजमध्ये ओढा, मात्रा मोजा, ही सगळी धांदल वाचते आणि सुई कपड्यांवरूनही टोचता येते.

पेन मुठीत धरायचं, नारिंगी टोक खाली. निळी टोपी सरळ वर ओढायची. नेमकं इथेच बिघडतं. एका हाताने पेन धरून अंगठ्याने टोपी बाजूला ढकलली, तर पेनमधली सुई आपोआप सुटू शकते आणि डोस वाया जातो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मार्च २०२० मध्ये याबद्दल इशारा दिला होता. दुसरी चूक म्हणजे पेन उलटं धरणं. अंगठा नारिंगी टोकावर असेल तर सुई अंगठ्यात घुसते. तिसरी, लहान मुलाचा पाय घट्ट न धरणं. पाय झटकला की सुईने कातडी फाटते.

‘टक्’ असा आवाज येईपर्यंत काटकोनात दाबायचं आणि सावकाश तीन मोजायचं. जुन्या पत्रकांत दहा आहे, गोंधळू नका. बाहेर काढल्यावर आत पुष्कळ द्रव उरलेला दिसतो आणि लोक घाबरतात. तो उरायचाच: २ मिलीपैकी फक्त ०.३ मिली जातं. नारिंगी आवरण लांब होऊन सुई झाकली गेली असेल, तर डोस गेला.

आता तक्रार. मात्रा दोनच: ३० किलो आणि त्यावरच्या वजनाला ०.३ मिग्रॅ, १५ ते ३० किलोला ०.१५. दवाखान्यात किलोमागे ०.०१ मिग्रॅ, जास्तीत जास्त ०.५ मिग्रॅ देतात. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला हे पेन थोडं कमीच पडतं. बारा किलोच्या मुलाला लागतं ०.१२, तेवढं पेनच नाही. म्हणून दवाखान्याच्या ट्रेमध्ये १ मिग्रॅ/मिलीचं अँप्युल आणि १ मिलीची सिरिंज हवीच. पेन आहे म्हणून ती काढून टाकू नये.

पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस लागतो, त्यामुळे पेन कायम जोडीनेच जवळ हवीत. टोचल्यावर रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करायचे. धाप लागत असेल तर बसू द्या, पण एकदम उभं करून चालवू नका, रक्तदाब कोसळतो. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्यायचंच, कारण काही तासांनी झटका परत येऊ शकतो. आणि आधी अँटिहिस्टामिनची, म्हणजे नेहमीची अॅलर्जीची, गोळी देऊन वाट बघणं, ही सर्वांत महागात पडणारी सवय. गोळीने खाज आणि पित्त उठणं कमी होतं. सुजलेला घसा आणि पडलेला रक्तदाब सावरत नाही. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयविकारावरची औषधं) घेणाऱ्यांत अॅड्रेनॅलिनचाही असर कमी पडू शकतो, तेव्हा दवाखान्यात ग्लुकागॉन हे इंजेक्शन हाताशी असावं.

साठवण नाजूक आहे: २० ते २५ अंश, अंधारात, पेनसोबतच्या नळीत. फ्रीजमध्ये नाही, उन्हातल्या गाडीतही नाही. पेनवरच्या खिडकीतून द्रव तपकिरी किंवा गढूळ दिसला तर पेन बदला.

घ्यायचंच असेल तर सुई नसलेलं सरावाचं पेनही सोबत घ्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाताने ते एकदा मांडीवर दाबून बघा.