चाळीस फुटी ट्रेलर मागे घेताना: कॅमेरा आणि गोल आरसा, काही महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात नव्याने ट्रेलर हातात घेणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे लिहितोय. माझ्या फेऱ्या मकरपुरा जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), दशरथचा कंटेनर डेपो, हजिरा आणि न्हावाशेवा ही बंदरं अशा असतात. गाडी शिकायला लागलो तेव्हाच मालकांनी ट्रेलरच्या शेपटीला वायरचा कॅमेरा, केबिनमध्ये सात इंची स्क्रीन आणि दोन्ही मोठ्या आरशांखाली गोल आरसे बसवून दिले. तेव्हापासून ऊन, धूळ आणि पूर्ण पावसाळा या सामानाने पाहिला. माझं मत आधीच सांगतो: गोल आरसे पहिल्या दिवसापासून लावा, कॅमेऱ्याकडे मात्र हात बसल्यावरच वळा.

साधा ट्रक मागे घेता येतो म्हणून ट्रेलर घेता येईल असं नसतं. घोडा, म्हणजे इंजिन-केबिनचा पुढचा भाग, आणि ट्रेलर किंगपिनवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालच्या जाड खिळीवर, जोडलेले असतात, आणि त्या सांध्यामुळे स्टिअरिंगचा हिशोब उलटा होतो. आमचे काका, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, स्क्रीनवर फडकं टाकायचे आणि म्हणायचे, "हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर. हात जिकडे नेशील तिकडे शेपूट जाईल." सरळ मागे जाताना दुसरा नियम: ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागेल, त्या आरशाच्या बाजूला स्टिअरिंग थोडं फिरवायचं. थोडंच. चाळीस फुटीची चाकं किंगपिनपासून लांब असतात, त्यामुळे ती उशिरा वळते. नवा माणूस हा उशीर पाहून आणखी फिरवतो आणि मग शेपूट एकदम निघते. वीस फुटी उलट, लगेच वळते आणि लगेच हाताबाहेर जाते. शेपूट हवी तेवढी वळली की स्टिअरिंग उलटं फिरवून घोड्याला ट्रेलरच्या मागोमाग न्यायचं, नाहीतर दोघांमधला कोन वाढत जातो आणि केबिन ट्रेलरच्या कोपऱ्याला लागते. कोन जास्त झाला की थांबून पुढे जायचं, गाडी सरळ करायची, परत यायचं. पुढे जाण्यात कमीपणा अजिबात नाही. जुने ड्रायव्हरसुद्धा तेच करतात.

हे सगळं आरशात शिकायचं असतं, आणि म्हणून सुरुवातीला कॅमेरा नुकसान करतो. स्क्रीन मधोमध चमकत असते, नजर तिच्यावर खिळते आणि घोड्याचा कोपरा कुठे चाललाय ते कळत नाही. त्यातून मागे जायची वाट दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या त्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा. त्या एकसंध गाडीच्या हिशोबाने काढलेल्या असतात. ट्रेलरची शेपूट कुठे जाणार हे घोडा आणि ट्रेलरमधल्या कोनावर ठरतं, आणि तो कोन कॅमेऱ्याला कळतच नाही. माझ्या सेटवर सेटिंगमधून रेषा बंद करता आल्या, त्या मी बंदच ठेवल्यात. चित्र आरशासारखं डावं-उजवं येतंय ना, तेही बसवतानाच तपासून घ्या.

गोल आरशाचं कौतुक करावं तेवढं थोडं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे शेपूट उजवीकडे वळवली की मान बाहेर काढून सगळं दिसतं. डावीकडे वळवली की मोठ्या आरशात फक्त कंटेनरची भिंत उरते. तिथे गोल आरशात मागची चाकं, गेटचा खांब, उभी मोटारसायकल अजून दिसत राहते. एवढं लक्षात ठेवा की त्यात वस्तू असते त्यापेक्षा लांब भासते, म्हणून अंतर मोठ्या आरशावरूनच ठरवा. आणि जागा असेल तर गेट ओलांडून पुढे जाऊन अशी गाडी लावा की शेपूट उजवीकडेच वळेल. जीआयडीसीच्या अरुंद रस्त्यांवर दरवेळी जमत नाही, पण जमतं तिथे सोडू नका.

आता कॅमेऱ्याची खरी जागा: डॉकपाशी, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यापाशी, शेवटचे दोन-तीन मीटर. रबरी बंपरपर्यंतचं अंतर इतकं नीट दुसऱ्या कशात दिसत नाही. रात्री चित्र काळं-पांढरं होतं, पण पुरतं. मागे अचानक कोणी हमाल आला तरी दिसतो, आणि एवढ्यासाठीसुद्धा तो लावणं योग्य आहे असं मी मानतो.

पण कंटेनर दर फेरीला बदलतो, म्हणून कॅमेरा चॅसीच्या, म्हणजे ट्रेलरच्या सांगाड्याच्या, मागच्या आडव्या पट्टीवर, दिव्यांजवळ बसतो. तिथून वरचं काहीही दिसत नाही. साधा कंटेनर २.५९ मीटर उंच, हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीचा कंटेनर, सुमारे २.९ मीटर, म्हणजे जवळपास फूटभराचा फरक. कालच्या शेडमध्ये बसलेली गाडी आज पत्र्याला लागू शकते आणि स्क्रीनवर सगळं मोकळं दिसत असतं. त्यामुळे उतरून चालत जाऊन बघणं चुकत नाही. कंटेनरची दारं उघडून मागे घेत असाल तर ती पूर्ण मागे दुमडून अडकवली आहेत का, तेही त्याच फेरीत बघा.

क्लीनर मागे "येऊ दे, येऊ दे" ओरडत असला तरी तो आरशात दिसलाच पाहिजे. दिसेनासा झाला की ब्रेक. स्क्रीनवर दिसतोय म्हणून गाडी चालू ठेवायची नाही, कारण दोन पावलं बाजूला झाला की तो तिथूनही गायब होतो.

घेताना २४ व्होल्टचा सेट मागा. फक्त १२ व्होल्टवर चालणारा कारचा कॅमेरा ट्रकच्या बॅटरीवर टिकत नाही. घोडा आणि ट्रेलरमधली वायर गुंडाळीची, खेचली तरी परत आखडणारी असावी आणि हवेच्या नळ्यांसोबत वर बांधलेली असावी. लोंबली तर वळणात चिरडते. आमची पहिली साधी वायर अशीच गेली, दुसरी पावसाळाभर टिकली. ट्रेलर बदलणार असेल तर त्या ट्रेलरवरही कॅमेरा आहे का, हे आधी विचारून घ्या. पावसात लेन्सवर चिखल बसतोच. एक सुती फडकं दाराच्या खणात ठेवा आणि मागे घेण्याआधी उतराल तेव्हाच पुसून घ्या.