हेड खोललंच नाही, पैसे मात्र साडेचौतीस हजार घेतले

माझ्याकडे चार सिलिंडरची डिझेल पिकअप आहे. दर्यापूर तालुक्यातून जिनिंगला कापूस न्यायचा, परतीला सरकीची ढेप नाहीतर खताची पोती मिळाली तर भरायची, असं आमचं भाडं चालतं. घर याच गाडीवर आहे. म्हणून सांगतो, गाडी गरम होत असेल तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा झाकणासारखा भाग, खोलायला हो म्हणण्याआधी हे वाचा.

फेब्रुवारीत ढेप भरून धारणीला निघालो होतो. परतवाडा सोडलं, घटांगचा चढ लागला आणि तापमानाचा काटा भराभर वर चढत लालपट्टीला टेकला. गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, तर दोन-तीन मिनिटांत काटा एकदम खाली आला. पुढे निघालो, पुन्हा तेच. धारणीला पोहोचेपर्यंत चारदा असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर रेडिएटरमधलं पाणी जरासुद्धा कमी झालेलं नव्हतं. या गोष्टीचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

परतीच्या वाटेवर एका गॅरेजला गाडी दाखवली. मिस्त्रीने गरम गाडीच्याच रेडिएटरच्या झाकणावर ओलं पोतं टाकलं आणि झाकण फिरवलं. पाणी खळखळ उकळत बाहेर उसळलं. "पाहा भाऊ, बुडबुडे! हेड पॅकिंग गेलं न तुमचं. आता अशीच चालवसान त इंजिन जाम होईन, मंग लाखाचं काम होय."

हेड पॅकिंग म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्या जोडात बसणारा पातळ पत्रा. मी तिथेच फसलो. रेडिएटरचं झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. तापलेल्या गाडीचं झाकण काढलं की दाब सुटतो आणि १०० च्या वरचं पाणी त्याच क्षणी उकळी मारतं. धडधाकट इंजिनचं पाणीसुद्धा असंच उसळतं, हेडशी त्याचा काही संबंध नाही. वर हात आणि तोंड भाजण्याचा धोका वेगळाच. पॅकिंगची शंका असेल तर सकाळी थंड गाडीवर बघायचं. झाकण काढून इंजिन सुरू करायचं. पाणी थंड असतानाच बुडबुडे सारखे येत राहिले, नाहीतर झाकण लावल्यावर लगेच रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर पॅकिंग गेल्याचा संशय खरा. कुठे गळती नसताना रोज पाणी कमी होणं, ऑइल चहासारखं दुधाळ होणं, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहणं, ही त्याचीच लक्षणं. माझ्या गाडीत यातलं एकही नव्हतं, आणि त्या माणसाने यातलं एकही तपासलं नाही.

कापसाचा हंगाम सुरू होता, दोन शेतकऱ्यांना तारखा दिल्या होत्या. मी हो म्हणालो. दोन दिवसांनी गाडी मिळाली. हेड काढलं, खरादवर फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, नवं पॅकिंग टाकलं, असे ३४,५०० रुपये त्याने साध्या कागदावर लिहून दिले. जुनं पॅकिंग मागितलं तर तेही काढून हातात ठेवलं. त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला.

आठच दिवसांत, कापूस भरून अकोल्याकडे जाताना काटा पुन्हा लाल. या वेळी गावातल्याच जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. ते इंजिनवर टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. हेडच्या कडेला, जोडावर आणि बाजूच्या बोल्टांवर ऑइल आणि धुळीचा काळा थर जसाच्या तसा होता. त्यावर पान्हा लागल्याची एक खूण नाही. हेड काढायचं तर पाणी सोडावंच लागतं, पण रेडिएटरमध्ये तेच जुनं तांबूस पाणी. मी पिशवीतून ते जुनं पॅकिंग काढून दिलं. काकांनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "काहून रे बाबू, तुह्या गाडीले सिलिंडर किती?" मी म्हणालो, चार. त्या पॅकिंगला सिलिंडरची मोठी भोकं तीनच होती.

त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस ते पॅकिंग माझ्या घरात होतं आणि मी एकदाही भोकं मोजली नव्हती.

मग काकांनी खरा दोष शोधला. काटा वर असताना, पंख्यापासून हात लांब ठेवून, रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावायला सांगितलं. इंजिन एवढं तापलेलं आणि पाइप नुसता कोमट! म्हणजे इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नव्हतं. गाडी पूर्ण थंड झाल्यावर थर्मोस्टॅट काढला, म्हणजे पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. त्यावर ८२ आकडा होता, म्हणजे ८२ अंशांना तो उघडू लागायला हवा. काकूंच्या पातेल्यात पाणी चुलीवर ठेवून त्यात तो दोरीने सोडला, शेजारी थर्मामीटर. ९० झाले तरी तोंड बंदच. पाणी खदखदायला लागलं तेव्हा कुठे झटक्यात उघडला. घाटात काटा चढून एकदम पडायचा तो याचमुळे. थर्मोस्टॅटवर क्षारांचा पांढरा, खरबरीत थर बसला होता. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी खारट, आणि वर्षानुवर्षं मी तेच रेडिएटरमध्ये ओतत आलो.

दुसरं कारण रेडिएटरच्या जाळीत निघालं. समोरून स्वच्छ दिसायची, पण आतल्या बाजूने कापसाची रुई आणि धूळ यांचा जाड नमदा बसला होता. काकांनी आतून बाहेरच्या दिशेने हळू पाणी मारून तो काढला, नाहीतर जाळीच्या पात्या वाकतात. नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, कूलंट आणि मजुरी मिळून २,७५० रुपये झाले. कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटर आणलं, अर्धं-अर्धं. त्यानंतर भरल्या गाडीने तोच घाट दोनदा चढलो, काटा मधोमधच राहिला.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो तेव्हा त्याने मला ओळखच दिली नाही. माझ्याकडे पक्कं बिल नाही, ही मोठी अडचण आहे. तरी काकांनी काही खोलण्याआधी काढलेले बोल्टांचे फोटो, तो हाताने लिहिलेला कागद आणि मोबाइलवरून पैसे पाठवल्याची नोंद, एवढं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. तिथे काही झालं नाही तर अमरावतीला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. तीन भोकांचं ते पॅकिंग मी कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं आहे.